धूळ किती, धूर किती? उपग्रहाला दिसते ते आणि न दिसते ते

दिवाळी सरली की तुर्भे, रबाळे, दिघा या भागातल्या वस्त्यांत घरोघरी खोकला सुरू होतो. हवा पडलेली असते, पत्र्यावर बोट फिरवले तर राखाडी थर लागतो. ही धूळ खडीची, रस्त्याची, की कारखान्यांच्या आणि जळत्या कचऱ्याच्या धुराची? प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींचा त्रास सारखा नाही. जाड धूळ बरीचशी नाकात-घशात अडकते. धुराचे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. त्यांनी दमा वाढतोच, शिवाय हृदयविकार आणि लकव्याचा धोकाही वाढतो.

धूळ आणि धूर वेगळे ओळखण्याची एक युक्ती उजेडातच आहे. सूर्याचा उजेड सगळ्या बाजूंनी थरथरत येतो. हवेतल्या कणावर आपटून तो विखुरला की ही थरथर एका दिशेला जास्त होते. याला प्रकाशाचे ध्रुवीकरण म्हणतात. बारीक गोल धूरकण हे एका प्रकारे करतात, खडबडीत धूळकण दुसऱ्या प्रकारे. एखाद्याकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर तो कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका ठिकाणी आकडे दिसेनासे होतील. पोरांना हे जरूर दाखवा.

या युक्तीचा एक जुना धागा आपल्या मुंबई बंदराशी जुळलेला आहे. १९२१ साली सी. व्ही. रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने मुंबईला येत होते. समुद्राची निळाई म्हणजे पाण्यात पडलेले आकाशाचे प्रतिबिंब, असे तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. रामन यांनी निकोल प्रिझम नावाचा स्फटिक डोळ्याला लावून पाण्यावरची चकाकी कापून टाकली. निळा रंग गेला नाही, उलट अधिक खुलला. म्हणजे पाणी स्वतःच उजेड विखुरते. त्याच सप्टेंबरात बोट मुंबई बंदरात असताना त्यांनी हे पत्राने ‘नेचर’ या नियतकालिकाला कळवले.

आज तेच काम आकाशातून चालते. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या नासाने ‘पेस’ हा उपग्रह सोडला. समुद्राचा रंग पाहून पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती मोजणे हे त्याचे एक काम. मासळीची साखळी तिथूनच सुरू होते. पण समुद्राकडे पाहताना उपग्रहाला मिळणाऱ्या उजेडातला सुमारे ९० टक्के उजेड मधल्या हवेतूनच आलेला असतो. ती हवा वजा केल्याशिवाय पाणी कळत नाही. म्हणून ‘पेस’वर ध्रुवीकरण मोजणारी दोन यंत्रेही बसवली आहेत, एक अमेरिकेतल्या मेरीलँडचे, दुसरे नेदरलँड्सचे. ती एकाच जागेकडे अनेक कोनांतून पाहतात आणि कण बारीक की जाड, याचा अंदाज देतात.

मग आता आपल्या वस्तीची हवा आकाशातूनच कळेल का? नाही. ‘पेस’ पावणेसातशे किलोमीटर उंचीवरून, दुपारी एकच्या सुमारास जातो. कारखान्याचा उग्र वास रात्री येतो ही आपल्याकडची जुनी तक्रार, आणि रात्री ही यंत्रे काही पाहत नाहीत. पावसाळ्यात ढग आड येतात. त्यांच्या नकाशाचा एक ठिपका काही किलोमीटरचा असतो. खाणीजवळची झोपडपट्टी आणि वाशीचे टॉवर त्यात एक होऊन जातात. शिवाय जमिनीपासून वरपर्यंतची सगळी हवा ती एकत्र धरतात. आपण श्वास घेतो तो खालच्या पाच-सहा फुटांतला.

म्हणून जमिनीवरचे यंत्र हवेच. नेरूळ, महापे इथे प्रदूषण नियंत्रण मंडळाची केंद्रे आहेत, आकडे ‘समीर’ या सरकारी अ‍ॅपवर दिसतात. मात्र आकडा वाचताना जपून. ‘समाधानकारक’ शेऱ्यात बारीक कणांचे प्रमाण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा १५ आहे! घरात लहान बाळ किंवा दम्याचे माणूस असेल तर शेरा नको, आकडा बघा. नवी मुंबई केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातले शहर आहे, तेव्हा वस्तीलगत मोजणी करा अशी मागणी महापालिकेकडे हक्काने करता येते.

घरातला धूर तर कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. चूल, मच्छर कॉइल, वंदनेची अगरबत्ती, यांचाही धूर तसाच बारीक असतो. खिडकी उघडी ठेवा, बाळ झोपते त्या खोलीत कॉइल लावू नका. रुमालाने बारीक कण अडत नाहीत. नाकाला नीट चिकटून बसणारा एन-९५ मास्क बरेच अडवतो. ग्रॅनाइट-टाइल्स कापणाऱ्या भावांनी पाणी मारूनच कापावे, आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर दवाखान्यात आपले काम आधी सांगावे. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस आणि टीबी एक्स-रेमध्ये सारखे दिसू शकतात.

रात्री वास आला तर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि कोणाला काय त्रास झाला हे वहीत लिहून ठेवा. चार घरांच्या सह्यांसह तो कागद मंडळाकडे द्या आणि पोच घ्या.