कोंबडी आधी की अंडं? कॅल्शियम आधी!

सकाळी ऑम्लेटसाठी टक्कन फोडता ते कवच कशाचं असतं, माहीत आहे का? जवळजवळ सगळंच कॅल्शियम कार्बोनेट! चुनखडीत आणि संगमरवरात असतं तेच. म्हणजे मटेरियल बघितलं तर ताजमहाल आणि तुमचं अंडं एकाच घराण्यातले. खोटं वाटतंय? आपल्याकडच्या अनेक पोल्ट्रीत कोंबड्यांना चक्क संगमरवराची खडी बारीक करून खायला घालतात!

एका कवचात कॅल्शियम साधारण 2 ग्रॅम. चिल्लर वाटली? थांबा! कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यात असतं सुमारे 20 ग्रॅम. म्हणजे दर अंड्यामागे सांगाड्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं कॅल्शियम शरीराबाहेर. म्हणून तर अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम लागतं 3.5 ते 4.5 टक्के. वाढत्या तलंगेला, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला, मात्र एक टक्क्याच्या आसपास पुरतं.

आता रेकॉर्ड ऐका. 1979 साली अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात एका व्हाइट लेगहॉर्न कोंबडीने 364 दिवसांत 371 अंडी दिली. दिवस कमी पडले, अंडी नाही! अंड्यामागे 2 ग्रॅम धरले तरी बाईंनी वर्षभरात 742 ग्रॅम कॅल्शियम नुसत्या कवचांवर उधळलं. तिची जंगलातली पूर्वज, लाल रानकोंबडी, वर्षाकाठी जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते.

मग एवढा चुना येतो कुठून? या प्रश्नाने भल्याभल्यांना चुना लावलाय!

1799 साली वोक्लँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एका कोंबडीला फक्त ओट्स खाऊ घातले. क्रोमियम शोधून काढणारा हाच तो गडी. ओट्समध्ये चुना किती आणि अंड्यांत-विष्ठेत किती, हे त्याने काटेकोर मोजलं. निकाल? आत गेला त्याहून जास्त बाहेर आला! विसाव्या शतकात लुई केर्व्राँ या दुसऱ्या फ्रेंच माणसाने तर जाहीर करून टाकलं की कोंबडीच्या पोटात एका मूलद्रव्याचं दुसरं होतं. पोटात अणुभट्टीच म्हणा ना! या शोधाला 1993 साली पारितोषिकही मिळालं. कुठलं? भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे नोबेलचं विडंबन!

खरं उत्तर मात्र त्याहून भन्नाट आहे. तलंग वयात आली की तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक नवंच भुसभुशीत हाड तयार होतं. ही तिची एफडी! खाद्यातलं कॅल्शियम कमी पडलं की ती मोडायची आणि कवच घडवायचं. कोंबडी खरोखरच हाडाची कलाकार! पण रोज नुसतीच एफडी मोडत राहिली तर हाडं पोकळ होतात, पिंजऱ्यातल्या कोंबडीला उभंही राहवत नाही. आपल्याला दिसतं फक्त पातळ कवच, तिचे मात्र पाय जातात.

आणि माहीत आहे का, असंच हाड आणखी कोणात सापडलं? टी-रेक्समध्ये! अमेरिकेतल्या मोंटानात मिळालेल्या सुमारे 6.8 कोटी वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात 2005 साली संशोधकांनी ते ओळखलं. निदान झालं : डायनोसॉर मादी आहे आणि अंड्यावर आलेली आहे!

कवच तयार व्हायला सुमारे 20 तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम चालतं रात्रपाळीत. गंमत म्हणजे कोंबडीला हे ठाऊक असतं. संध्याकाळ झाली की तिला कॅल्शियमचे डोहाळे लागतात. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, बरोब्बर टिपते. चुरा मात्र पिठासारखा नको, जाडसर हवा. पीठ झटकन पचून जातं. जाड तुकडे पेषणीत रात्रभर रेंगाळतात आणि हळूहळू विरघळतात. कोकणात कालवं खाऊन शिंपले फेकता ना? तोच जगभरातल्या कोंबड्यांचा आवडता मिडनाइट स्नॅक! काही लेअर फार्मवर तर मध्यरात्री तासभर दिवे लावतात, खास या खाण्यासाठी.

उन्हाळा आला की अंडी पातळ कवचाची का होतात? कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकते. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कार्बोनेटसाठी लागणारा कच्चा माल घटतो. 1985 साली अमेरिकन संशोधकांनी यावर कूल उपाय करून पाहिला : कोंबड्यांना पाजलं सोडावॉटर! आणि कवचं सुधारली!

परसातल्या कोंबड्या पाळणाऱ्यांनो, एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या. लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य, पिल्लांना घालू नका. जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. कोंबड्यालाही ते झेपत नाही. म्हणून शिंपले वेगळ्या भांड्यात, जिला हवे ती खाईल. घरची अंड्याची कवचंही चालतात, पण धुऊन, भाजून, पार चुरून. अख्खी टाकलीत तर बाई स्वतःचीच अंडी फोडायला शिकतील!

आणि पिल्लू? अंड्यातून निघताना त्याच्या अंगातलं सुमारे 80 टक्के कॅल्शियम कवचातूनच आलेलं असतं. 21 दिवसांतला उत्तरार्ध ते आतून घर खात बसतं. भिंत पातळ, चोच घट्ट. मग काय, टोल्यावर टोले आणि पठ्ठ्या बाहेर!