तान्ह्या मुलाचा इसब आणि घरचे वैद्य

आमच्या धाकट्या नातवास पांचवा महिना लागला आणि त्याच्या दोन्ही गालांवर लालसर, खरखरीत चट्टे उठले. दांत येत असतील, लाळ लागत असेल, असें म्हणून गालांस साय चोळण्यांत आली. चट्टे आठ दिवसांत मावळले, पंधराव्या दिवशीं पुनः आले, आणि मग नडग्यांवर व हातांवरहि पसरले. रात्रीं तें पोर दुपट्यावर गाल घांशीत जागत असे, आणि त्याच्याबरोबर त्याची आई.

आमचें कुटुंब मोठें. त्यामुळें घरांत वैद्यांची वाण नाहीं. आत्याबाईंनीं निदान केलें कीं, पोटांतली उष्णता बाहेर पडत आहे, ती दाबूं नये. थोरल्या वहिनींचें मत असें कीं, न्हाऊं घालणाऱ्या बाईचा हात हलका पडतो; डाळीचें पीठ चांगलें रगडावें, पाणी कढत घ्यावें आणि वर ओव्याची धुरी द्यावी. आमचें पांडित्य निराळें. चरकसंहितेंत विचर्चिका ही क्षुद्रकुष्ठांत गणिली असून विरुद्धाहार हें कुष्ठाचें एक कारण सांगितलें आहे, एवढ्या भांडवलावर आम्हीं सूनबाईचें पथ्य ठरविलें. दूध, दहीं, शेंगदाणे, वांगें, टोमॅटो, आंबट, सारें बंद. तिनें तीन महिने वरणभात आणि दुधीभोपळा मुकाट्यानें खाल्ला. पुरळ हटलें नाहीं. सूनबाई मात्र वाळली. अंगावर पाजणारी ती. पण वडील माणसांपुढें बोलावयाचें कसें, म्हणून ती बोलली नाहीं. हें लिहितांना आम्हांस लाज वाटते.

मध्यंतरीं दुसरी चूक झाली, तीहि आमच्याच हातून. औषधांच्या एका दुकानांतून सर्व त्वचाविकारांवर रामबाण म्हणून मिळणारी मलमाची नळी आम्हीं आणली. तिसऱ्या दिवशीं गाल लोण्यासारखे मऊ! घरांत आमची वाहवा झाली. नळी संपल्यावर आठवड्याच्या आंत लाली दुप्पट झाली. मग दुसरी नळी. पुढें कळलें कीं, तींत एक तीव्र स्टेरॉईड, एक बुरशीनाशक आणि एक जंतुनाशक अशीं तीन औषधें कालविलेलीं होतीं. असें मलम तान्ह्या मुलाच्या गालास वारंवार लावल्यास कातडी पातळ होते. अशीं स्टेरॉईड मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकलीं जाऊं नयेत म्हणून केंद्र सरकारनें २०१८ सालीं नियम कडक केले. पण आमच्याजवळ चिठ्ठी कोणीं मागितली नाहीं आणि आम्हींहि ती असावी असें मनांत आणलें नाहीं.

अखेर सूनबाईनेंच धीर करून मुलास त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलें. आम्हीहि आमचें ज्ञान घेऊन मागोमाग गेलों. बाईंनीं प्रथम मुलाचें वजन केलें. दोन महिन्यांत तें जेमतेम वाढलें होतें. घरांत दमा कोणास आहे, असें विचारलें. आमच्या चिरंजीवास लहानपणीं होता, आणि आमच्या प्रातःकाळच्या शिंका तर आळींत प्रसिद्ध आहेत. मग त्यांनीं लंगोट सोडून पाहिला. आंतली कातडी स्वच्छ होती. या रोगांत ती जागा बहुधा सुटते, असें त्या म्हणाल्या. रोगाचें नांव ॲटॉपिक डर्मटायटिस. हें नांव १९३३ सालचें असून त्यांतील पहिलें पद ज्या ग्रीक शब्दावरून आलें त्याचा अर्थ ‘अस्थानीं’ असा आहे. व्युत्पत्तीचा आमचा जुना नाद. क्षणभर आम्ही मुलास विसरलों.

त्वचेचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्य हा चुना. या मुलांच्या भिंतीस जन्मतःच फटी असतात. फिलॅग्रिन नांवाचें प्रथिन ही भिंत घट्ट ठेवतें. त्याच्या जनुकांतील दोष हें या रोगाचें एक मोठें कारण असल्याचें स्कॉटलंडांतील डंडीच्या संशोधकांनीं २००६ सालीं दाखविलें. फटींतून ओलावा बाहेर जातो, साबण, धूळ, जंतु आंत शिरतात, कातडी चिडते, मूल खाजवतें, आणि फट आणखी रुंदावते. कढत पाणी, पिठाचें रगडणें व धुरी यांनीं आम्ही तीच भिंत रोज सकाळीं खरवडीत होतों!

उपचार अगदीं साधा निघाला. पांच-दहा मिनिटें कोमट पाणी. सौम्य, वासरहित साबण जरूर तेथेंच. अंग पुसावयाचें नाहीं, टिपावयाचें. आणि कातडी ओलसर आहे तोंच जाड, वासरहित स्निग्ध मलम सर्वांगास, दिवसांतून दोन-तीन वेळां. किती? आठवड्यास पाव किलो! आम्हांस प्रथम ऐकण्यांत चूक झाली असें वाटलें. खोबरेल चालेल का, असें आत्याबाईंनीं विचारावयास सांगितलें होतें. चालेल, फिलिपाइन्समधील मुलांवर झालेल्या आणि २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चांचणींत शुद्ध खोबरेल खनिज तेलाहून सरस ठरलें आहे. मोहरीचें तेल मात्र नको. आत्याबाईंचा मान राहिला.

लाल चट्ट्यांवर सौम्य हायड्रोकॉर्टिझोन, तेंहि मोजून. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळींतून निघालेली रेघ दोन तळव्यांएवढ्या जागेस पुरते. स्टेरॉईडचें नांव ऐकून सूनबाई दचकली. बाईंनीं समजाविलें कीं, धोका तीव्र औषध मनास येईल तसें वापरण्यांत आहे. लाली जाईपर्यंत लावून थांबावें, पुनः उठल्यास पुनः लावावें.

पथ्याचा प्रश्न आम्हींच काढला. एखादा पदार्थ खातांच अंगावर गांधी उठत असतील वा वांती होत असेल, तर त्याची तपासणी करावी. नुसत्या संशयावरून आईची व मुलाची उपासमार करूं नये. उलट, लंडनमध्यें झालेल्या आणि २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ज्या ४ ते ११ महिन्यांच्या मुलांस शेंगदाणा मऊ करून नियमित दिला, त्यांच्यांत पांचव्या वर्षीं शेंगदाण्याची ॲलर्जी फारच कमी होती. अशा मुलास पहिला घांस डॉक्टरांस विचारून द्यावा, इतकेंच. आम्ही उगाच तीन महिने शेंगदाणा कपाटांत कोंडून ठेविला होता.

पिंवळी खपली धरली, लस वाहूं लागली, ताप आला किंवा बारीक फोडांचे झुबके उठले, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. घरांतील सर्वांस रात्रीं खाज सुटत असेल तर ती बहुधा खरूज असते. मग औषध साऱ्या घरानें एकाच दिवशीं घ्यावें लागतें.

आतां घरीं असा ठराव आहे कीं, मुलाच्या अंगास आई व आजी यांखेरीज कोणीं कांहीं लावूं नये. नातू दीड वर्षाचा झाला. वयाबरोबर हा विकार बहुतेक मुलांत कमी होतो; पण थंडी पडली कीं त्याच्या कोपरांच्या खळग्यांत अजून लाली येते, आणि आम्ही ती तारीख दिनदर्शिकेवर टिपून ठेवतों. परवां जेवतांना सूनबाईच्या पानांत वांग्याचें भरीत वाढलेलें पाहून आत्याबाईंनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं तिला दहीं वाढावयास सांगितलें.