डिस्क काढायची, पण सांगून

सर्व्हरचं स्टोरेज काढणं म्हणजे पेन ड्राइव्ह उपटणं नव्हे. कॅलिफोर्नियातल्या व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय घ्या. स्टोरेज अ‍ॅरेने दिलेला डिस्कचा तुकडा, म्हणजे 'लन', अनेक होस्ट एकाच वेळी वापरत असतात. कुणी तो अ‍ॅरेवरूनच परस्पर काढला तर? होस्टला काहीच उत्तर येत नाही. याचं नाव 'ऑल पाथ्स डाउन'. केबल निघाली असेल, डिस्क येईल परत, असं धरून होस्ट विचारतच राहतो. जुन्या 4.x आवृत्त्यांत त्या नादात 'होस्टडी' ही व्यवस्थापनाची सेवाच अडकायची, आणि ज्यांचा त्या लनशी संबंध नाही अशा व्हर्च्युअल मशीन्सही हाताबाहेर जायच्या!

अ‍ॅरेने 'डिस्क कायमची गेली' असा स्पष्ट निरोप दिला, तर गोष्ट वेगळी. तो 'पर्मनंट डिव्हाइस लॉस'. नुसत्या शांततेतून होस्टला हे कळणार कसं? म्हणून 2011 च्या 5.0 मध्ये 'डिटॅच'ची सोय आली. 2012 च्या 5.1 ने वाट पाहण्याला 140 सेकंदांची मर्यादा घातली.

तेव्हा आधी मशीन्स, टेम्प्लेट्स हलवा. कुठल्या तरी मशीनला जोडून राहिलेली आयएसओ फाइल हमखास विसरली जाते, तीही बघा. मग डेटास्टोअर प्रत्येक होस्टवर अनमाउंट करा (डिलीट नव्हे, त्याने डेटा जातो), लन डिटॅच करा. अ‍ॅरेकडे त्यानंतरच जायचं, तेही 'एनएए'ने सुरू होणारा ओळख क्रमांक जुळवून. लनचे नंबर सारखे दिसतात. शेवटी रीस्कॅन.