जिरेनियम : फुलाचा वास, पानाचं तेल

सुगंधी तेलं : लेखांक ९

बाल्कनीतल्या कुंडीत लाल-गुलाबी झुपके मिरवणारं जिरेनियम डोळ्यांसमोर आलं असेल, तर ते जरा बाजूला ठेवा. तेलाचं झाड त्याचं भावंड असलं तरी दिसायला अगदी साधं. फुलं बारीक आणि फिकट, सगळा ऐवज पानात. कातरलेलं, लवदार पान बोटांत चुरडलं की आधी गुलाब येतो आणि मागून लिंबाची, पुदिन्याची पुसट झाक. पानावरच्या केसांच्या टोकाशी तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. त्या फुटल्या की वास सुटतो.

झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या ग्रासच्या अत्तरवाल्यांनी ते हाताशी धरलं. पुढे लागवड अल्जीरियात आणि हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर गेली. या बेटाचं जुनं नाव बूर्बाँ, म्हणून ‘बूर्बाँ जिरेनियम’ हे नाव व्यापारात अजून चालतं. माल मात्र आता मुख्यतः इजिप्त आणि चीनमधून येतो. भारतात ते तमिळनाडूच्या डोंगरांत, येरकौड आणि निलगिरीकडे रुजलं. लखनौच्या ‘सीमॅप’ या संशोधन संस्थेने मैदानी भागासाठी त्यावर काम केलं, आणि अलीकडे महाराष्ट्रातले शेतकरीही त्याच्याकडे वळलेत.

या तेलाला मागणी का, याचं उत्तर गुलाबाच्या भावात आहे. किलोभर गुलाबतेलाला साडेतीन-चार टन फुलं लागतात, तीही पहाटे हाताने खुडलेली. जिरेनियमचा टनभर ओला पाला किलो-दीड किलो तेल देतो, आणि तो विळ्याने कापता येतो. गुलाबाला गुलाबपण देणारे सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल हे दोन्ही घटक इथेही आहेत, म्हणून नाक फसतं. शिवाय साबणाच्या अल्कलीत हा वास टिकतो. ‘रोझ’ लिहिलेल्या कित्येक साबणांना गुलाबाची पाकळी कधी दिसलेलीही नसते, आणि त्यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. फसवणूक तेव्हा, जेव्हा हेच तेल गुलाबतेलात मिसळून गुलाबाच्या भावाने विकतात.

कापणीची वेळ नाकाने ठरवायची. कोवळ्या पाल्याला लिंबाचा वास जास्त. पानं किंचित पिवळसर होऊ लागली आणि वास गुलाबाकडे झुकला की विळा लावायचा. चार दिवस घाई केली तरी तेलाचा दर्जा बदलतो. पाला टाकीत दाबून भरतात, बॉयलरची वाफ खालून सोडतात. वाफ तेल घेऊन वर येते, थंड नळीतून जाताना तिचं पाणी होतं आणि तेल त्यावर तरंगतं, हिरवट-पिवळं. ते लगेच हुंगणाऱ्याची निराशा होते, कारण ताज्या तेलाला गंधकाच्या संयुगाचा उग्र दर्प असतो. भांडं काही काळ उघडं ठेवलं की तो उडून जातो. खालचं पाणीही फेकत नाहीत. त्यात थोडं तेल विरघळलेलं असतं आणि ते सुगंधी पाणी म्हणून खपतं. पिकाचा खरा शत्रू पावसाळा. पाणी साचलं की मुळं कुजतात, आणि रोपं बियांऐवजी फाटे लावून करायची असल्याने मातृझाडं पावसात जगवणं हेच मोठं काम.

आता औषधी गुणांकडे. प्रयोगशाळेच्या बशीत हे तेल काही जिवाणू-बुरशींची वाढ रोखतं, हे खरं. डासही थोडा वेळ दूर राहतात, पण तेल उडून जातं तसा परिणामही ओसरतो. त्यापुढचे चिंता, रक्तदाब, सुरकुत्या वगैरे दावे मी बाटलीवरची जाहिरात म्हणूनच वाचतो.

या तेलाच्या नावाखाली एक मोठं प्रकरणही घडून गेलं. डीएमएए, म्हणजेच मिथाइलहेक्सानामाइन, हे उत्तेजक 1940च्या दशकात नाक मोकळं करण्याचं औषध म्हणून अमेरिकेत आलं. औषध म्हणून मागे पडल्यावर ते व्यायामशाळांच्या पावडरींत शिरलं, आणि लेबलवर लिहिलं गेलं ‘जिरेनियमचा अर्क’. आधार काय, तर 1996चा एक चिनी शोधनिबंध. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला मात्र हे रसायन वनस्पतीत असल्याचा विश्वासार्ह पुरावा आढळला नाही. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर आपले काही कुस्तीगीर आणि जलतरणपटू उत्तेजक चाचणीत अडकले, ते याच रसायनामुळे. ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाचा असा आडोसा आजही घेतला जातो.

घरी वापरायचं तर चमचाभर खोबरेल तेलात एक थेंब पुरे. जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. युरोपात ठरावीक प्रमाणाबाहेर असल्यास ते सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर नावानिशी छापावे लागतात. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहावी. पोटात घेऊ नये.

जिरॅनिऑलसाठी केपपर्यंत जायची गरज मात्र नव्हती. खानदेशातल्या रोशा गवतात ते भरपूर आहे. त्याचं तेल एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानला जाई, तिथे गुलाबतेलात मिसळलं जाई, आणि युरोपच्या बाजारात त्याला चक्क ‘भारतीय जिरेनियम तेल’ म्हणत. पुढच्या लेखांकात हे गवत.