गॅरेजच्या दाराचा वायरलेस कीपॅड : निवड कशी करावी आणि पिन कसा बसवावा



आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्याकडे गाडी अंगणात नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, त्यामुळे विजेवर उघडणारं गॅरेजचं दार आपल्यापैकी अनेकांनी फक्त सिनेमात पाहिलेलं असतं. पण ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, अशा आई-वडिलांचा तिथे गेल्यावर या दाराशी रोज संबंध येतो. माझाही आला, आणि चांगलाच आला!

मागच्या हिवाळ्यात मी लेकीकडे न्यू जर्सीला होतो. दुपारी नातीला स्कूलबसच्या थांब्यावरून आणायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशी गॅरेजमधून बाहेर पडलो, दार बंद केलं आणि नातीला घेऊन परत आलो. बाहेरच्या कीपॅडवर आकडे दाबले. दिवा लागेना. पुन्हा दाबले. काहीच नाही. घराची किल्ली आत, माझा फोनही आत. तापमान उणे ६ अंश. नात म्हणाली, "आजोबा, मला पायाची बोटंच लागत नाहीयेत." शेजारच्या बाईंनी बघितलं आणि आम्हाला घरात घेतलं, म्हणून निभावलं.

दोष कोणाचा? कीपॅडमधली बॅटरी आधीच उतरली होती. थंडीत बॅटरीची ताकद आणखी कमी होते, तसंच झालं. शिवाय झाकणाला तडा जाऊन आत पाणी गेलं होतं. मग नवा कीपॅड घ्यायचं ठरलं, आणि घाईत जावयांनी भलताच मागवला. तो आमच्या मोटरशी जुळेचना. तेव्हा मी बसून सगळं नीट समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

कीपॅडचं काम काय?

गॅरेजच्या छताला एक मोटर लावलेली असते, तिला 'ओपनर' म्हणतात. ती साखळीने किंवा पट्ट्याने दार वर ओढते. गाडीतल्या रिमोटने ती चालते, तशीच बाहेर भिंतीवर लावलेल्या कीपॅडनेही चालते. कीपॅडला वायर नसते. आपण चार आकडे दाबले की तो रेडिओ लहरींनी मोटरला संदेश पाठवतो. म्हणजे कीपॅड हा आकडे विचारणारा रिमोटच आहे. किल्ली हरवण्याची भीती नाही, हा त्याचा मोठा फायदा.

स्थिर कोड आणि बदलता कोड

निवड करण्याआधी हा फरक समजून घ्या. सगळी सुरक्षितता इथेच आहे.

जुन्या ओपनरमध्ये लहान लहान खटक्यांची एक रांग असायची. रिमोट आणि मोटर, दोन्हीतले खटके सारखे लावले की दार उघडायचं. आता गणित करू. एक खटका दोन प्रकारे राहू शकतो, चालू किंवा बंद. १० खटके असतील तर २ चा १० वा घात, म्हणजे १०२४ जुळण्या. १२ असतील तर ४०९६. माणसाला हे आकडे मोठे वाटतात, पण यंत्राला नाही. २०१५ मध्ये सॅमी कामकार या संगणक सुरक्षा संशोधकाने मुलांच्या एका खेळण्यात बदल करून, अशी स्थिर कोडची दारं दहा सेकंदांच्या आत उघडता येतात हे दाखवून दिलं.

यावरचा उपाय म्हणजे बदलता कोड, ज्याला 'रोलिंग कोड' म्हणतात. समजा, दोन मित्रांकडे एकसारख्या दोन वह्या आहेत. प्रत्येक ओळीवर एक वेगळा परवलीचा शब्द आहे. पहिला मित्र दर वेळी पुढच्या ओळीवरचा शब्द सांगतो आणि दुसरा तो तपासून ती ओळ खोडतो. चोराने कालचा शब्द चोरून ऐकला, तरी आज त्याचा उपयोग शून्य. आपण घरापासून लांब असताना रिमोट चुकून दाबला गेला, तर एखाददोन ओळी पुढे सरकतात. पण मोटर पुढच्या काही ओळीही तपासत असल्याने गाडी अडत नाही. गाड्यांच्या रिमोट किल्लीतही साधारण हीच युक्ती वापरतात.

कीपॅड निवडताना काय पाहावं?

१) आधी मोटर बघा, मग दुकान. शिडीवर चढून मोटरवरचं कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर लिहून घ्या. आमच्या जावयांनी ही पायरी गाळली, म्हणून फसगत झाली.

२) 'लर्न' बटणाचा रंग बघा. मोटरच्या मागच्या बाजूला किंवा दिव्याच्या झाकणाआड हे बटण असतं. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर या नावांच्या ओपनरमध्ये या रंगावरून पिढी ओळखता येते. हिरवं बटण साधारण १९९३ ते १९९७ चं, तांबडं किंवा नारिंगी १९९७ ते २००५ चं. हे दोन्ही ३९० मेगाहर्ट्झवर चालतात. जांभळं २००५ नंतरचं, ३१५ मेगाहर्ट्झवर चालणारं. पिवळं २०११ पासूनचं, आणि ते एकाहून जास्त वारंवारतांवर बोलतं. जिनी कंपनीची बदलत्या कोडची पद्धत वेगळी आहे. त्यामुळे एका कंपनीचा कीपॅड दुसरीच्या मोटरला चालेलच असं नाही.

३) 'युनिव्हर्सल' या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. असा कीपॅड अनेक कंपन्यांना चालतो, पण सगळ्यांना नाही. खोक्यावरच्या यादीत आपली कंपनी आणि आपल्या मोटरचं वर्ष आहे का, ते वाचा.

४) झाकण घट्ट बसतं का, अंधारात आकडे उजळतात का आणि बॅटरी कोणती लागते, ते पाहा. काहींना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, काहींना ट्रिपल ए. जवळच्या दुकानात मिळते तीच बरी.

५) मोटर स्थिर कोडची, खटक्यांची असेल तर नवा कीपॅड घेऊन पैसे वाया घालवू नका. ओपनरच बदला. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या घरगुती ओपनरना, दाराखाली कोणी अडकू नये यासाठी सुरक्षा यंत्रणा असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याआधीची मोटर लहान मुलांच्या घरात असूच नये.

पिन बसवण्याच्या पायऱ्या

कंपनीनुसार थोडा फरक पडतो, म्हणून माहितीपत्रक जवळ ठेवा. लर्न बटणाच्या ओपनरची सर्वसाधारण पद्धत अशी :

१) कीपॅडमध्ये नवी बॅटरी घाला. भिंतीत स्क्रू मारण्याची घाई करू नका. आधी तो चालतो का ते बघायचं.

२) दोघं जण लागा. एक शिडीवर, एक कीपॅडपाशी. दाराच्या वाटेत गाडी, सायकल, मूल, कोणीही नको.

३) शिडीवरच्याने लर्न बटण एकदा दाबून सोडायचं. शेजारचा दिवा लागतो. आता आपल्याकडे साधारण ३० सेकंद आहेत.

४) तेवढ्यात कीपॅडवर आपल्या पसंतीचे चार आकडे दाबा आणि 'एंटर' दाबून धरा.

५) मोटरचा दिवा लुकलुकला किंवा 'टक्' असा आवाज आला की बोट उचला. मोटरने कीपॅड ओळखला.

६) दार पूर्ण थांबू द्या. मग तोच पिन दाबून दार उघडून, बंद करून पाहा.

वेळ संपली तर घाबरू नका, तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लर्न बटण दाबायचं आणि सोडायचं. ते सहा-सात सेकंद दाबून धरलं, तर मोटर आपली सगळी स्मरणशक्ती पुसून टाकते आणि गाडीतले रिमोटही बंद पडतात. जुन्या घरमालकाचा रिमोट बाद करायचा असेल तेव्हा मात्र हेच मुद्दाम करायचं, आणि मग आपले सगळे रिमोट नव्याने जोडायचे.

सगळं जमलं की कीपॅड जमिनीपासून निदान ५ फूट उंचीवर लावा. आकडे दाबणाऱ्याला दार दिसलं पाहिजे आणि तो दाराच्या हलत्या भागांपासून लांब असला पाहिजे. लहान मुलांचा हात तिथे पोचायला नको.

पिन कोणता ठेवावा?

चार आकडी पिन ०००० ते ९९९९, म्हणजे १०,००० होतात. तरी लोक १२३४, जन्मसाल किंवा घराचा नंबर ठेवतात! घराचा नंबर तर दारावरच लिहिलेला असतो.

आता एक गंमत बघा. रोज तेच आकडे दाबल्याने ती बटणं झिजतात. चार बटणं झिजलेली दिसली, तर चोराला फक्त ४ × ३ × २ × १ = २४ जुळण्या करून पाहाव्या लागतात. पण पिनमध्ये एक आकडा दोनदा असेल, तर तीनच बटणं झिजतात. दोनदा येणारा आकडा कोणता, याचे ३ पर्याय आणि प्रत्येकाच्या १२ रचना, म्हणजे ३६ जुळण्या. बटणं कमी, तरी जुळण्या जास्त! अर्थात २४ काय आणि ३६ काय, दोन्ही थोड्याच. म्हणून अधूनमधून पिन बदला आणि बटणं पुसून घ्या. घरी कामाला येणाऱ्यांसाठी, पाहुण्यांसाठी अनेक कीपॅडवर तात्पुरता पिन देता येतो. आपला कायमचा पिन कोणाला सांगू नका.

शेवटी महत्त्वाचं

बॅटरी वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधीच बदला. वीज गेली की कीपॅड धडधाकट असूनही मोटर हलणार नाही, कारण ताकद मोटरची असते. अशा वेळी राखीव बॅटरी असलेला ओपनर उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती ओपनरना अशी बॅटरी सक्तीची आहे. दाराला आतून लोंबणारी लाल मुठीची दोरी ओढली की दार मोटरपासून सुटतं आणि हाताने उचलता येतं. पण दार बंद असतानाच ती ओढावी, आणि ती आत असते हे विसरू नका!

आमच्या घरी आता तीन नियम आहेत. पिन सगळ्यांना पाठ, एक जादा किल्ली शेजारच्या बाईंकडे, आणि बाहेर पडताना आजोबांच्या खिशात फोन. तिसरा नियम नातीने केला आहे आणि ती रोज खिसा तपासते. यंत्र कितीही शहाणं असलं, तरी दुसरी वाट आपण आधीच करून ठेवायची असते.

तुमची मुलं परदेशात असतील, तर पुढच्या फोनवर त्यांना एवढंच विचारा, "कीपॅडची बॅटरी शेवटची कधी बदललीत?"