इंजिनाचा दिवा व दोषक्रमांक : सेन्सर बदलण्यापूर्वी काय पाहावे?

पिकाची पाने पिवळी पडली की नत्राची उणीव आहे असे समजून युरियाची पोती रिकामी करणारा शेतकरी पुष्कळदा फसतो. जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी असण्याचा संभव असतो. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची उणीव असू शकते. मुळांशी पाणी साचले असेल तर खत कितीही घातले तरी ते वाया जाते. लक्षण एक, पण कारणे अनेक. नव्या बनावटीच्या गाड्यांच्या इंजिनासही हाच न्याय लागू पडतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात नव्या मोटारगाड्यांना भारत स्टेज सहा हे धूरविषयक मानक लागू झाले. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाही १ जानेवारी २०२३ पासून पूर्वीपेक्षा कडक मानक लागू आहे. त्यामुळे या इंजिनांत डिझेल किती व केव्हा सोडावयाचे हे बहुधा एक लहान संगणक ठरवितो. उष्णता, दाब, हवा व वेग यांची माहिती त्याला संवेदक पुरवितात. यांनाच आपले मिस्त्री सेन्सर म्हणतात. माहिती अपेक्षेप्रमाणे नसेल तर संगणक समोरच्या फलकावर पिवळा दिवा लावतो आणि एक दोषक्रमांक स्मरणात ठेवतो.

एक अनुभव

जुन्नर तालुक्यातील एका टोमॅटो उत्पादकाच्या मालवाहू गाडीचा दिवा ऐन तोडणीत लागला आणि चढावर गाडीची ताकद गेली. वाचनयंत्रावर ‘पी ००८७’ हा क्रमांक आला. दुरुस्ती करणाऱ्याने इंधनदाबाचा सेन्सर बदलला, त्याचे पैसे घेतले आणि क्रमांक पुसला. तिसऱ्या दिवशी भरल्या गाडीसह दिवा पुन्हा लागला; त्या दिवशीचा माल बाजार उठल्यावर पोहोचला. पुढे डिझेल फिल्टर उघडला तेव्हा तो गाळाने व पाण्याने भरलेला आढळला. फिल्टर बदलताच गाडी पूर्ववत चालू लागली. सेन्सर निर्दोष होता. दाब कमी आहे हे तो खरेच सांगत होता.

क्रमांकाचा अर्थ

मोटारगाड्यांत हा क्रमांक एक अक्षर व त्यापुढील चार अंक असा असतो. ‘पी’ म्हणजे इंजिन व चालनयंत्रणा. त्यापुढील अंक शून्य असेल तर क्रमांक सर्व बनावटींना समान असतो. एक असेल तर तो त्या कारखान्याचा स्वतःचा असतो व त्याचा अर्थ त्याच कारखान्याच्या पुस्तिकेत पाहावा लागतो. अनेक ट्रॅक्टरांत मात्र वेगळी पद्धत आहे. तेथे दोन संख्या दिसतात : पहिली कोणता भाग ते सांगते व दुसरी दोष कोणत्या प्रकारचा ते सांगते. दुसरी संख्या ३ असेल तर विद्युत्दाब प्रमाणाबाहेर अधिक, ४ असेल तर कमी आणि ५ असेल तर तार तुटल्यासारखी स्थिती, असे समजावे.

सर्वांत महत्त्वाचा भेद येथे आहे. काही क्रमांक सेन्सरच्या विद्युत्मार्गाविषयी असतात, तर काही सेन्सरने मोजलेल्या गोष्टीविषयी असतात. ‘पी ०१९२’ व ‘पी ०१९३’ हे इंधनदाबाच्या सेन्सरच्या विद्युत्मार्गातील दोष दाखवितात. तेथे तार, कपलर व सेन्सर तपासणे योग्य होय. ‘पी ००८७’ मात्र प्रत्यक्ष दाबच कमी आहे असे सांगतो; तेथे प्रथम फिल्टर, टाकीतील डिझेल, नळीत शिरणारी हवा व पंप पाहावा. त्याचप्रमाणे ‘पी ०११७’ व ‘पी ०११८’ हे पाण्याच्या उष्णतेच्या सेन्सरच्या विद्युत्मार्गाचे क्रमांक आहेत, तर ‘पी ०२१७’ म्हणजे इंजिन खरोखर तापले आहे. त्या वेळी रेडिएटर पाहण्याऐवजी सेन्सर बदलीत बसल्यास इंजिन हातचे जाईल.

तपासणीचा क्रम

१. किल्ली फिरविल्यावर दिवा लागून इंजिन चालू होताच विझणे हे स्वाभाविक आहे. इंजिन चालू असता पिवळा दिवा स्थिर राहिला तर भार हलका करून गाडी बेताने चालवावी व लवकर तपासून घ्यावी. पेट्रोल गाडीत तो लुकलुकत असेल तर इंधन नीट जळत नाही व धूरशोधक भाग जळण्याचा धोका आहे, असे जाणून वेग तत्काळ कमी करावा आणि शक्य तितक्या लवकर थांबावे. तेलाच्या दाबाचा किंवा उष्णतेचा तांबडा दिवा लागल्यास मात्र गाडी सुरक्षित जागी घेऊन लगेच थांबवावी.

२. क्रमांक पुसण्यापूर्वी लिहून घ्यावा. दोष घडला त्या क्षणीचा वेग, उष्णता व भार यांचीही नोंद बहुतेक संगणक ठेवतात. तीही उतरवून घ्यावी. क्रमांक पुसताच ही नोंद नाहीशी होते. बॅटरीची तार काढून दिवा घालविणे म्हणजे रोग्याची केसपत्रिका फाडून टाकणेच होय.

३. बॅटरी तपासावी. इंजिन बंद असता सुमारे १२.६ व्होल्ट व चालू असता साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. बॅटरी क्षीण असेल किंवा अर्थिंगची तार गंजली असेल तर एकाच वेळी अनेक असंबद्ध क्रमांक उमटतात.

४. तारा डोळ्यांनी पाहाव्यात. गोठ्यात किंवा धान्याच्या कोठाराशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात. जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुतल्यास कपलरमध्ये पाणी शिरते. कपलर उघडून हिरवट गंज, वाकलेल्या पिना व चिखल आहे काय ते पाहावे. हवेच्या नळ्यांस चीर पडली आहे काय व हवेचा फिल्टर धुळीने भरला आहे काय, हेही पाहावे.

५. यानंतरच सेन्सर मोजावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी पाण्याची उष्णता व आत येणाऱ्या हवेची उष्णता वाचनयंत्रावर जवळजवळ सारखी दिसली पाहिजे. एक २२ अंश व दुसरी ७० अंश दिसल्यास एक सेन्सर खोटे सांगत आहे.

उष्णतेच्या सेन्सरची परीक्षा

हा दोन तारांचा सेन्सर तापला की त्याचा विद्युत्रोध कमी होतो. अनेक बनावटींत तो २० अंशांस २,००० ते ३,००० ओहम व ८० अंशांस सुमारे ३०० ओहम असतो. तार तुटली तर संगणकाला उणे ४० अंश इतका गारठा दिसतो, आणि तारा एकमेकींस चिकटल्या तर १३० अंश किंवा अधिक उष्णता दिसते. यातूनच परीक्षा साधते. यंत्रावर सतत उणे ४० अंश दिसत असेल तर इंजिन बंद ठेवून सेन्सरचा कपलर काढावा, त्यातील दोन पिना लहान तारेने जोडाव्यात व किल्ली फक्त फिरवावी. आकडा एकदम वर गेला तर तारा व संगणक ठीक आहेत, दोष सेन्सरचा आहे. आकडा हलला नाही तर दोष तारेत शोधावा. उलट, सतत अतिउष्णता दिसत असेल तर कपलर नुसता काढावा. आकडा उणे ४० वर गेल्यास सेन्सर बदलावा. तीन तारांच्या सेन्सरवर हा प्रयोग कदापि करू नये.

दोन धोके

नव्या डिझेल इंजिनाच्या इंधननळीत हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाब असू शकतो. चालू इंजिनाची नळी सैल केल्यास डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. हे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

दुसरे असे की, काही गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध द्रावण घालावे लागते. शेतातील युरिया पाण्यात विरघळवून ते घरी करू नये. २०१५ पासून देशात खताचा युरिया निमलेपित मिळतो. त्यातील निमतेल व इतर अशुद्ध द्रव्ये यंत्रणा बिघडवितात आणि त्यातून नवेच दोषक्रमांक उद्भवतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील प्रत्येक गाडीमालकास एक लहान वही ठेवावयास सांगावे. तीत तारीख, दोषक्रमांक, त्या वेळची स्थिती व केलेला उपाय लिहावा. भाग बदलण्याचा सल्ला मिळाल्यास शेतकऱ्याने एकच प्रश्न विचारावा : ‘हा क्रमांक सेन्सरच्या तारेविषयी आहे, की सेन्सरने मोजलेल्या गोष्टीविषयी?’ या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत.