एका पेशीचं वजन

भजनाला सुरुवात करण्याआधी पखवाजवादक डाव्या पुडीवर ओली कणीक थापतो. कणीक वाढली की आवाज खर्जात उतरतो, थोडी खरवडली की वर चढतो. कंप पावणाऱ्या वस्तूवर भार वाढला की तिची कंपनं मंदावतात. याच नियमावर एक तराजू बनला आहे, आणि त्यावर एकेकट्या जिवंत पेशीचं वजन होतं.

आधी हे वजन किती लहान ते पाहू. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम. आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचं वस्तुमान साधारण एवढंच असतं.

आता तराजू. बाकाच्या कडेला फूटपट्टी दाबून तिच्या मोकळ्या टोकाला टिचकी मारली की ती थरथरते. इथली पट्टी सिलिकॉनची आहे आणि अर्ध्या मिलिमीटरहून आखूड. ती सेकंदाला लाखाच्या घरात कंपनं करते. पट्टीचा ताठरपणा जास्त तर कंपनं जलद, वस्तुमान जास्त तर मंद. वस्तुमान चौपट झालं तर कंपनसंख्या निम्मी होते. सिलिकॉनच का? एकसंध स्फटिकात अणू शिस्तीने रचलेले असतात, त्यामुळे कंपनाची ऊर्जा उष्णतेत फारशी वाया जात नाही. नाद जेवढा जास्त घुमतो, तेवढा त्याचा सूर नेमका मोजता येतो. शिवाय चिप घडवण्याच्या कोरीवकामातूनच अशी पट्टीही घडते.

अडचण पाण्याची होती. जिवंत पेशीला द्रव हवा, पण पट्टी द्रवात बुडवली की तिची थरथर तिथल्या तिथे विरते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये स्कॉट मनालिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मांडणीच उलटी केली. पट्टी पाण्यात ठेवण्याऐवजी त्यांनी पाणी पट्टीच्या पोटात घातलं. पट्टीच्या आत इंग्रजी यू अक्षरासारखी पोकळ नळी कोरली आणि बाहेर निर्वात पोकळी राखली. आतल्या द्रवामुळे कंपन जवळजवळ विरत नाही, हे २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात दिसलं. अचूकता पिकोग्रॅमच्या हजाराव्या भागाच्याही खाली गेली.

पेशी द्रवासोबत नळीत शिरते. बुडाशी तिचा परिणाम नगण्य, कारण तिथे पट्टी जखडलेली असते. टोकाच्या वळणावर परिणाम सर्वाधिक, आणि परतताना तो पुन्हा ओसरतो. पट्टीवर पडून परावर्तित होणारा लेसर हा सगळा चढउतार टिपतो. टोकाशी सूर किती उतरला, त्यावरून वजन कळतं.

पण हे वजन पूर्ण नसतं. पेशी नळीत जेवढी जागा व्यापते, तेवढा द्रव बाजूला सरतो. म्हणून पेशी द्रवाहून जेवढी जड, तेवढाच फरक दिसतो. आर्किमिडीजचाच नियम हा. तीच पेशी वेगळ्या घनतेच्या दुसऱ्या द्रवात तोलली, की दोन मोजमापांतून तिचं वस्तुमान, आकारमान आणि घनता तिन्ही निघतात.

तापमानही सांभाळावं लागतं. सिलिकॉन एक अंशाने तापलं, तर कंपनसंख्या दहा लाखांत सुमारे ३० भागांनी घटते. एका जिवाणूने पडणारा फरक याहून कितीतरी लहान असतो.

एवढा खटाटोप कशासाठी? अंगणवाडीत बाळाचं वजन दर महिन्याला करतात, कारण एका आकड्यापेक्षा वाढ जास्त सांगते. पेशीचंही तसंच. तिला नळीतून पुढेमागे नेत पुन्हा पुन्हा तोललं, की तिची वाढ मोजता येते. २०१७ मध्ये मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या पेशी औषधात ठेवून अशाच तोलल्या गेल्या. औषध लागू पडत असेल, तर पेशी मरण्याआधी तिची वाढ मंदावते. कोणतं औषध चालेल, याचं उत्तर रुग्णाच्या शरीरावर प्रयोग न करता त्याच्या मूठभर पेशींकडून मिळू शकतं, ही या इवल्या पट्टीची खरी किंमत आहे.